वेल्सचं कोठार आणि सासऱ्यांचा किल्ला

मी वेल्सला कधी गेलेले नाही. तरी तिथल्या एका दगडी कोठाराची मला सिंगापुरातल्या आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटपेक्षा जास्त माहिती आहे. डोंगरातल्या शेतावरची जुनी इमारत. जाड भिंती, समोरासमोर दोन भली मोठी दारं आणि भिंतीत उभ्या अरुंद फटी. पावसाळी मुलुखात धान्य आणि गवत यंत्राशिवाय कोरडं कसं ठेवायचे, हा माझ्या पीएचडीचा विषय. सिंगापूरमध्ये कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, त्यामुळे विषय अगदी घरचा.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझी तोंडी परीक्षा होती. तीन प्राध्यापकांचं समाधान झालं नाही तर पीएचडी तिथेच संपणार. मी तीन महिने खपून, एकेक खडा चिकटवून कोठाराचं मॉडेल केलं होतं. ते डायनिंग टेबलावर होतं आणि आम्ही सोफ्यावर जेवत होतो.

सासरे तेव्हा पुण्याहून आले होते. दर दिवाळीत सोसायटीतल्या पोरांचे किल्ले तपासून मार्क देणारा माणूस. परीक्षेच्या आदल्या दुपारी मी लायब्ररीतून आले, तर कोठाराचं एक दार ओल्या मातीने बुजवलेलं, दुसऱ्यापुढे बुरूज आणि छपरावर भालेवाले मावळे. माझी पाच वर्षांची मुलगी टाळ्या वाजवत इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडत होती. "आजोबा, व्हेरी नाइस लाह!"

"सूनबाई, किल्ला झकास केलास," सासरे म्हणाले. "भिंतीतल्या या जंग्या तर अस्सल! बाहेरून अरुंद, आतून रुंद. आतल्याला बंदूक फिरवायला जागा, बाहेरच्याला नेम धरता येत नाही. पण समोरासमोर दोन दरवाजे? अगं, शत्रू पुढून शिरेल आणि चहा पिऊन मागून जाईल!"

मी तडकले. "बाबा, हा किल्ला नाही! फटी हवेसाठी आहेत, दारं धान्य उफणायला वारा मिळावा म्हणून! उद्या माझं सगळं यावर आहे, आणि तुम्ही..." पुढे बरंच बोलले. एवढं बोलायला नको होतं. ते चष्मा लावून संध्याकाळपर्यंत टूथपिकने माती उकरत बसले आणि जेवायला भूक नाही म्हणाले. मला वाईट वाटत होतं, पण रागही गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत तिघांतल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, या फटी कशासाठी? उत्तर मला झोपेतही येत होतं. तरी तोंडातून निघालं, "शत्रूवर गोळ्या झाडायला."

बाईंनी चष्मा काढला. "शेतकऱ्याला शत्रू कोण?"

"ओल," मी म्हणाले, कारण दुसरं काही सुचलंच नाही. "ओल, बुरशी, कोंदट हवा." मग मात्र मी सुटले. फट बाहेरून अरुंद म्हणून पाऊस शिरत नाही, आतून रुंद म्हणून हवा आणि उजेड पसरतो, हे सगळं सासऱ्यांच्याच आवेशात हातवारे करून सांगितलं. तिघेही हसत होते. तासाभराने मी पास झाल्याचं कळलं.

घरी आले तर सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून सोफ्यावर बसलेले. शेजारी त्यांची बॅग, कुलूप लावलेली.

"पास झाले, बाबा."

ते उभे राहिले आणि परत बसले. "तुझं काही बिघडलं असतं तर इथे तोंड कसं दाखवणार होतो? संध्याकाळचं तिकीट काढलंय."

मी त्यांच्या खिशातून किल्ली काढून घेतली आणि बॅग उघडून एकेक शर्ट कपाटात लावायला लागले. नीट माफीसुद्धा मागता आली नाही, नुसती रडत होते. मागून त्यांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"तो निळा पुढे लाव," ते म्हणाले. "पाडव्याला घालीन."