विलायती फटफटीची किक

झेंडूचा वास आला की मला मुरबाडच्या आमच्या अंगणातला तो दसरा आठवतो. माझी जुनी विलायती फटफटी धुवून, माळ घालून उभी केली होती, आणि मुंबईचा एक शेठ ती विकत घ्यायला आला. मला न विचारता पोरानंच त्याला बोलावलं होतं. शेठ म्हणाला, "बाबा, ही बनवणारा बापलेकांचा छोटा कारखाना कधीच बंद पडला. सामान मिळणार नाही. तुम्ही हिचं काय करणार?" मी म्हणालो, "शेठ, एका किकमध्ये चालू कर नि फुकट घेऊन जा." पोराचं तोंडच उतरलं. शेठनं सगळा जोर लावून किक मारली. किक उलटी आली आणि तो तुळशीपाशी जाऊन बसला. मग मी अनवाणी पुढे झालो. किक हळूच दाबत नेली, अडली तिथं थांबलो, केसभर पुढे सरकवली, वर येऊ दिली आणि मग सबंध पाय खाली नेला. फटफटी बोलायला लागली. "नाय विकायची," मी म्हणालो. यंदा पोरगा म्हणतो, बाबा, तुमच्या गुडघ्यात आता जोर कुठं राहिलाय, देऊन टाका. अरे, तिला जोर लागतो कधी? आज सकाळची किकसुद्धा मीच मारली.