फोटोत परत आलेली जनावरं

लग्नसराई संपली की आमच्या स्टुडिओत दोनच गोष्टी साचतात. न नेलेले पासपोर्ट फोटो आणि मेलेल्या जनावरांचे किस्से. पासपोर्ट फोटो बाबा पिशवीत भरून माळ्यावर टाकतात. किस्से टाकता येत नाहीत. चहा आला की एखादा वर येतोच.

स्टुडिओ लाखनीत, हायवेला लागून. मोठा ट्रक गेला की भिंतीवरच्या फ्रेमा थरथरतात. मी बंगळुरूला प्रकाशाचं शास्त्र शिकले आणि परत आले. "काहून वापस आली वं? तिकडे नोकरी नाई भेटली का?" हे सगळ्यांनी विचारून झालं. मी ठरवूनच आले होते. आपल्या माणसांना गोष्टींची कारणं कळली पाहिजेत, एवढं एकच डोक्यात होतं. आणि इथे तर घरोघरी मोबाईलच्या फोटोत मेलेली कुत्री-मांजरं दिसू लागली होती! आम्ही बौद्ध. आमच्या घरी माणसाचाच आत्मा मानत नाहीत, मांजरीचा कुठून मानणार!

मी काउंटरवर कागद चिकटवला: "फोटोत आत्मा दिसतो? घेऊन या. खरं कारण सांगू."

बाबांनी चष्मा लावून तो वाचला. "पोरी, लोकं इथं फोटो काढाले येतात, का परीक्षा द्याले?"

*

पहिले आले ते सानगडीचे गोमाजी, वयाने आजोबा, म्हणून सगळ्यांचे आबाजी. नातीचा मोबाईल रुमालात गुंडाळून आणलेला. फोटोत त्यांची ओसरी, आणि उंबऱ्याजवळ एक पांढुरका लांबट डाग.

"शेरू हाय," ते म्हणाले. "कुत्रा होता माहा. मेला. पण दुपारी येऊन बसते तिथं, आपल्या जागेवर. याची मोठी फ्रेम करून दे."

"आबाजी, हा उजेड आहे."

"असन. पण बसते शेरूवानीच."

घाई कशाची, तर त्यांचा मुलगा ओसरीची कवेलू, म्हणजे कौलं, काढून टिन टाकणार होता. माकडं दरवर्षी कवेलू फोडतात, किती बदलायची? टिन आणून अंगणात ठेवलंही होतं. "घर बदललं तं शेरू येनं बंद करन," आबाजी म्हणाले. "मंग मी काय पाहू?"

मी म्हटलं, फ्रेम करू, पण आधी मी येऊन जागा पाहणार. खरं काय ते तुम्हाला दाखवणार. तोवर फ्रेम नाही.

"देऊन टाक ना वं त्यायले," बाबा मागून पुटपुटले. पण मला कारण सांगायचं होतं!

त्यानंतर आबाजी दर बाजाराच्या दिवशी स्टुडिओतल्या बाकावर येऊन बसायचे. एकच प्रश्न: "कवा येतेस?"

*

मग एक निवृत्त मास्तर आले. त्यांची मनी मांजर पावसाळ्यात गेली होती. अंगणातल्या अंधाराचा फोटो, आणि कुंडीमागे दोन हिरवे डोळे.

मी समजावलं. मांजरीच्या डोळ्यावर फ्लॅश पडला की डोळे असेच चमकतात. म्हणजे तिथे खरीखुरी मांजर बसली होती, फक्त अंधारात बाकीची दिसली नाही.

"म्हणजे मनी नाही?"

"नाही, सर. दुसरी आहे. जिवंत."

मास्तर मोबाईल खिशात घालून निघून गेले. मला वाटलं, दुखावले. आठवड्याने एक मरतुकडी, कान फाटलेली मांजर पिशवीत घालून हजर! पिशवीतून नुसतं तोंड बाहेर, आणि आवाज पार हायवेपलीकडे.

"भुकेली होती हो," ते म्हणाले. "हिचा आताच काढून ठेवा. मनीचा राहून गेला."

*

पवनीकडचे एक शेतकरी पोळ्याचा फोटो घेऊन आले. तोरणाखाली त्यांचा बैल, रंगवलेली शिंगं, अंगावर झूल. शेजारची जागा रिकामी, कारण जोडीदार उन्हाळ्यात मेला. आणि त्या रिकाम्या जागेवर, बैलाच्या डोळ्यांच्या उंचीला, एक गोल पांढरा ठिपका.

मी त्यांच्यासमोर पायपुसणं झटकलं आणि फ्लॅश मारून फोटो काढला. स्क्रीनवर तसेच गोल ठिपके, ढिगाने.

"धूळ आहे, भाऊ. पोळ्याला पावसाने उघडीप दिलेली, एवढे बैल उभे, त्यांच्या खुरांनी उडालेली."

त्यांनी दोन्ही फोटो शेजारी धरून पाहिले. "बरोबर हाय तुमचं. धूळच हाय." मग म्हणाले, "पण बाई, त्या जागेवर तो इतके वर्सं उभा राहे. त्या धुळीत त्याची बी असनच ना थोडीशी?"

विज्ञानाच्या दृष्टीने हे मला खोडता येईना!

बाकावरून आबाजी म्हणाले, "कवा येतेस?"

*

एका घराची मात्र झोप उडाली होती. बारशाचा फोटो. सगळे नटूनथटून उभे, बाळ मध्ये, आणि मागच्या कपाटात धूसर बकरी. बारशाच्या जेवणाला बकरीच कापलेली!

"बाळाले पाहून राहिली ती," बाळाची आजी रडवेली झाली.

मी फोटो मोठा करून दाखवला. कपाटाला आरसा होता. आरशात समोरचं दार, दारात बकरी, बकरीच्या गळ्यात लाल दोरी. जिवंत बकरी! बाळाच्या आईने दोरी ओळखली, शेजारणीची!

आजीचा जीव भांड्यात पडला. बाळाच्या आईने माझे दोन्ही हात धरले. आत्म्याचं भय एका क्षणात गेलं. इतकं समाधान मला पदवी घेतानाही झालं नव्हतं.

मग आजीने फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "थांब. शेजारनीची बकरी आपल्या दारात काहून शिरली?"

तिथून पुढचं भांडण अजून चालू आहे.

*

एक जोडपं आलं, त्यांना मूल नाही. टॉमी नावाचा कुत्रा होता. कुणीतरी मोबाईलवरच्या ॲपने त्यांना "आत्म्याचा फोटो" करून दिला होता. ढग, पंख, मागे सोनेरी उजेड. मी सरसावले. हा तर उघड खोटा! त्या कुत्र्याला पाय पाच होते.

पण मला बोलावंच लागलं नाही. बाईच म्हणाली, "हा आमचा टॉमी नाही. त्याचा डावा कान वाकडा होता. याचे दोन्ही सरळ."

नवरा हळू आवाजात म्हणाला, "वर गेल्यावर सरळ झाला असेल."

"मग तो वरचा," ती म्हणाली. "आमचा वाकडाच होता."

फोटो तिथेच ठेवून ते गेले. पाच पायांबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

*

शेवटी एकदाची सानगडीला गेले. हिवाळ्याचे दिवस. दुपारी पोचले तेव्हा अंगणात टिनाचे पत्रे तसेच पडलेले, शेजारी सुतार करवतीला धार लावत बसलेला. आबाजींचा मुलगा वामन म्हणाला, "ताई, बरं झालं आल्या. आज कवेलू उतरवतो. त्याच्या आधी यायच्या डोक्यातलं भूत उतरवा."

आबाजी ओसरीत खाटेवर होते. बोट ओठांवर ठेवून म्हणाले, "बस. येतेच आता."

आणि आला. उंबऱ्याजवळच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर उन्हाचा एक कवडसा सरकत आला. लांबट, पांढुरका, वरच्या बाजूला थोडा निमुळता. मान वर करून बसलेल्या कुत्र्यासारखा. खोटं कशाला सांगू, दिसत होता.

मी उठले. कवडशावर तळहात धरला आणि उजेडाच्या मागोमाग हात वर नेत गेले. खाटेवर चढले, मग स्टुलावर. फुटक्या कवेलूपाशी हात पोचला. भोकावर हात ठेवला.

शेरू गेला.

हात काढला. शेरू आला.

"पाहिलं, आबाजी? इथून ऊन येतं. हिवाळ्यात सूर्य तिरपा असतो, म्हणून दुपारी बरोबर तिथे पडतं. उन्हाळ्यात तुम्हाला तो तिथे दिसायचाच नाही."

"उन्हाळ्यात तो तसाबी तळ्याच्या पारीवर पडून राहे," आबाजी म्हणाले. "पुन्हा कर."

मी भोक झाकलं, उघडलं.

"पुन्हा."

मी पुन्हा केलं. ते खाटेवरून उतरले, उंबऱ्याजवळ उकिडवे बसले आणि कवडशात तळहात पसरला. बराच वेळ तसाच ठेवला.

"गरम हाय," ते म्हणाले. मग वर भोकाकडे पाहिलं, मग अंगणातल्या टिनाकडे. "म्हणजे टिन टाकलं तं खरंच येनार नाई."

मी स्टुलावरून खाली उतरले. कारण सांगायला मीच आले होते, आणि कारण हेच होतं.

"समजलं ना बाबा?" वामन दारातून म्हणाला. "ऊन होय ते. शेरू नाई."

"समजलं. चांगलं समजलं. पोरीनं नीट समजावलं." गुडघ्यावर हात टेकून आबाजी उठले आणि सुतारापाशी गेले. "टिनाले एक भोक पाड."

सुताराने करवत खाली ठेवली. "नव्या टिनाले? पानी गळन ना बुढा!"

"गळू दे. पावसाळ्यात तो माह्या खाटेखाली राहे. तिथं तवा कोनी बसत नाई."

वामनने कपाळावर हात मारला आणि माझ्याकडे वळला. "ताई, आता तुमीच सांगा यायले काईतरी. तुमी शिकलेल्या आहात."

आबाजीही माझ्याकडेच पाहत होते. "हो, तूच सांग," ते म्हणाले. "फ्रेम राहू दे. भोक कोठी पाडाचं, तेवढं नीट सांग. इकडेतिकडे झालं तं दुसऱ्याच जागी बसन."

मी सुताराच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि पुन्हा स्टुलावर चढले.