खेकड्यांची झोप

माझं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. आमच्याकडे मेलेली कुर्ली, म्हणजे खाडीतला मोठा खेकडा, स्वयंपाकघरात येत नसे. हाताखाली येईपर्यंत ती जिवंत हवी, नाहीतर सरळ माडाच्या बुंध्याशी पुरायची. लग्नानंतर आमचे हे पहिल्यांदा माहेरी आले, तेव्हा आईनं जावयासाठी मुद्दाम मोठाल्या कुर्ल्या आणवल्या. हे पुण्यात वाढलेले. त्यांनी कुर्ली पाहिली होती ती फक्त शाळेच्या पुस्तकात. आई पडवीत बसून एकेकीच्या नांग्या मोडत होती आणि मोडलेली नांगी परातीत पडूनही उघडमीट करत होती. ह्यांनी ते पाहिलं, चप्पल घातली आणि "जरा खाडी बघून येतो" म्हणून निघाले. आले ते बरोबर पानं मांडल्यावर. मग जेवायला बसले, आणि उठले तेव्हा पानाशेजारी कवचांचा असा ढीग पडला होता की माझ्या खवय्या मामानंसुद्धा आपलं पान मागे सारलं. आई माझ्या कानात म्हणाली, "नवरा दयाळू आहे हो तुझा. जेवायला बसेपर्यंत."

आता सांगते ती गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांतली. पिंपरीच्या आसपास तेव्हा नवे कारखाने निघत होते आणि ह्यांना त्यातल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. चिंचवड गावात आम्ही एका शेतकऱ्याच्या घराला लागून असलेली खोली भाड्यानं घेतली. घरातले म्हातारे आबा माळकरी. खोली देतानाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "कांदा-लसूण खावा, आमचं काय न्हाई. पन मासमच्छी या घरात शिजायची न्हाई." ह्यांनी लगेच मान डोलावली. मी पदर तोंडाला लावला. खोकला आलाय असं दाखवलं.

आबांची सून माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मी तिला वहिनी म्हणायची. ती मला सगळ्यांसमोर "बाई" म्हणायची आणि एकटी असले की "कोकनी". महिनाभर ती माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलली. मग एक दिवस नदीवर धुणं आपटता आपटता अगदी हळू विचारलं, "कोकनी, खेकडं खातीस का गं?"

माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"आमच्या गोठ्यामागं तीन दगडाची चूल हाय," वहिनी म्हणाली. "तितं काय शिजलं तर ते घरात शिजलं असं कुनी म्हनंल का?"

"मुळीच नाही," मी म्हणाले.

आबा बैल बघायला जवळच्या बाजाराला जाणार होते, तो दिवस आम्ही ठरवला. सकाळी लवकरच धुणं घेऊन पवनेवर गेलो. दसरा होऊन गेला होता, नदीचं पाणी उतरलं होतं आणि काठाच्या चिखलात बिळंच बिळं दिसत होती. वहिनीनं पदर खोचला, एका बिळात कोपरापर्यंत हात घातला आणि मान वळवून पलीकडच्या काठाकडे बघत राहिली. डब्यात तळाशी राहिलेली सुपारी चाचपावी तसा चेहरा. मग हात बाहेर आला तो पाठीवरून पकडलेला एक काळपट खेकडा घेऊनच. मी खाडीकाठची, म्हणून मीही तोऱ्यात हात घातला. माझ्या बोटाला धरून जो बाहेर आला, त्याला मी पकडलं होतं की त्यानं मला, हे सांगता येणार नाही. वहिनी इतकी हसली की तिची पाटी घसरून पाण्यात गेली.

बादलीत खाली खेकडे, वर ओली लुगडी, असं घेऊन आम्ही परतलो, तर आबा अजून निघालेच नव्हते. अंगणात गाडी जुंपत उभे होते.

"लई धुनं काडलं आज," ते म्हणाले.

"व्हय," वहिनी म्हणाली.

तेवढ्यात बादलीतलं वरचं लुगडं एका बाजूनं हळूच उचललं गेलं आणि परत खाली बसलं. आबांनी बादलीकडे पाहिलं. मग बैलाच्या मानेवरचं जू नीट केलं, गाडीत बसले आणि निघून गेले.

आम्ही खेकडे हंड्यात घातले, झाकण ठेवलं, झाकणावर वरवंटा ठेवला. आतून करकर, खरखर चालली होती. मग आमचं दोघींचं भांडण झालं. वहिनी म्हणाली, जिवंत खेकडा थेट आरावर, धगधगत्या निखाऱ्यांवर, टाकायचा, क्षणात लाल होतो. मी म्हटलं, शी, किती हाल! आधी नांग्या मोडायच्या, मग साफ करायचा.

"म्हंजे हातपाय मोडायचं?" वहिनी म्हणाली. "आन् मला म्हनतीस हाल?"

दुपार झाली तरी आमचं काही ठरेना. मग ती जळण आणायला शेतावर गेली आणि मी पाट्यावर खोबरं-कांद्याचं वाटण घेतलं.

तेवढ्यात हे पहिल्या पाळीवरून आले. सायकलच्या मागे पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी बांधलेलं आणि त्यातून भुसा मिसळलेलं पाणी गळत होतं. आदल्या दिवशी मी त्यांना आमचा बेत सांगितला होता, तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. त्यांनी प्रयोगशाळेतल्या एका साहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणाले, थंड रक्ताचा प्राणी बर्फात ठेवला की त्याला गुंगी येते, मग त्याला काही कळत नाही. म्हणून हे येताना पिंपरी कॅम्पातल्या सरबतवाल्याकडून बर्फ घेऊन आले होते. मी म्हटलं, "अहो, आपण बर्फाचं सरबत कधी प्यालो नाही, आणि खेकड्यांना?" पण ऐकतील तर ना. त्यांनी बर्फ फोडला आणि हंड्यात ओतला. थोड्या वेळानं करकर मंदावली. मग थांबली.

वहिनी आली, वरवंटा उचलला, झाकण काढलं आणि ओरडलीच. "अगं बाई, मेली की समदी!"

"मेले नाहीत, वहिनी," हे म्हणाले. "झोपलेत."

"खेकडं कुटं झोपत्यात व्हय, भाऊ?"

तिनं एक उचलून हलवला. पाय लोंबले. काडीनं डोळ्याला टोचलं, डोळा जागचा हलला नाही. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. दोघींचे देश निराळे, पण मेलेला खेकडा खायचा नाही यावर आमचं एकमत होतं. सकाळपासूनची मेहनत, बोटाला झालेली जखम, कढईभर वाटण, सगळं वाया. मला रडूच आलं. वहिनीनं खेकडे पाटीत उपसले आणि पाटी ह्यांच्या हातात दिली. "तुमीच झोपिवलीत, तुमीच उकिरड्यावर टाकून या."

हे काही उकिरड्यावर गेले नाहीत. त्यांनी पाटी पुढच्या ओट्यावर उन्हात ठेवली, शेजारी खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, "जरा थांबा. उठतात की नाही बघा."

आम्ही दोघी रागानं मागे गोठ्याकडे गेलो. वाटणाचं पिठलं होतं का, याचा विचार करत बसलो.

आता, पहिल्या पाळीला जाणारा माणूस पहाटे अंधारात उठतो, दिवसभर उभा राहतो आणि वर इतकी सायकल मारतो. ऑक्टोबरच्या उन्हात खांबाला टेकून बसल्यावर त्याचं काय होणार? खेकड्यांची झोप उडाली आणि ह्यांना लागली.

पुढचं मी गाडीच्या आवाजानं धावत येऊन पाहिलं. आबा बाजारातून परतले होते. बैल काही घेतला नव्हता. बरोबर त्यांच्या भजनातले एक सोबती होते. त्या सोबत्यांच्या कानावर पडलेली बातमी दिवेलागणीला सांगवीपर्यंत पोचायची, इतके ते उत्साही होते. दोघं ओट्याच्या पायरीशी थांबले होते. ओट्यावर खेकडेच खेकडे. एक आबांच्या पाण्याच्या तांब्यामागे, दोन उंबऱ्याकडे निघालेले, एक टाळांच्या पिशवीच्या बंदाला नांगी लावून बसलेला. आणि सगळ्यांत थोराड होता तो ह्यांच्या सदऱ्यावरून हळूहळू गळ्याच्या दिशेनं चढत होता. हे तोंड उघडं टाकून घोरत होते.

मी ओरडणार, तर आबांनी हात वर केला. वाकले, त्या खेकड्याला पाठीमागून दोन बोटांनी अलगद उचललं आणि उलटा करून बघितला. माळ घातल्यापासूनच्या चाळीस वर्षांत ह्या माणसानं खेकडा हातात धरला नसेल, असं त्या बोटांकडे बघून कुणी म्हटलं नसतं.

"नर हाय," आबा म्हणाले. "भरलेला हाय."

ह्यांना जाग आली. डोळ्यांसमोर आबा, आबांच्या हातात खेकडा. हे ताडकन उभे राहिले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "आबा, हे मेले होते."

"मेलं व्हतं?" सोबत्यांनी विचारलं.

वहिनीनं माझा हात धरला. तिला त्या घटकेला काय सुचलं देव जाणे. म्हणाली, "व्हय मामंजी. मी सोता बगितलं. काडीनं टोचलं. पार मेलं व्हतं. टाकायला निगालो, वट्ट्यावर ठिवलं, आन् हितं उटलं."

सोबत्यांनी एकदम पागोटं सावरलं. ओट्याकडे बघितलं, खेकड्यांकडे बघितलं, आबांच्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं आणि हात जोडले. हे घाईघाईनं बर्फ, गुंगी, थंड रक्त वगैरे समजावू लागले, पण सोबती आता कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. चहासुद्धा न घेता निघून गेले.

ते गेल्यावर आबा ओट्यावर बसले. हातातला खेकडा पाटीत सोडला. आम्ही तिघं ओळीनं उभे.

"खायाला आनलं?"

"व्हय," वहिनी म्हणाली.

"कुटं शिजवनार?"

"गोठ्यामागं."

आबांनी पाटी ह्यांच्याकडे सरकवली. "पुन्यांदा थंड करा त्याला," ते ह्यांना म्हणाले. "झोपंत गेलं तर बरंच हाय त्याला. आन् माज्या वट्ट्यावर मातूर आनू नगा."

उरलेला बर्फ पोत्यात होताच. पळालेले दोन खेकडे कोंबड्यांच्या खुराड्यामागे सापडले, तिसरा कधीच सापडला नाही. या खेपेला त्यांचे पाय लोंबले तसं मी एकेकाला भराभर साफ केलं. एकानंही बोट धरलं नाही. वहिनीनं ते बघितलं आणि आरावर टाकण्याचा हट्ट सोडला. तिला दया आली म्हणून नव्हे, हे तिनं मला स्पष्ट सांगितलं. बोटं शाबूत राहतात म्हणून.

चुलीवर रस्सा उकळायला लागला आणि वास गोठाभर झाला, तेव्हा आबा घोंगडी खांद्यावर टाकून मागे आले. "गाय का हंबरतीया बगतो," म्हणाले. गाय गप्प रवंथ करत होती. आबांनी तिच्याजवळ घोंगडी टाकली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. थोड्या वेळानं तिकडूनच आवाज आला, "खोबरं भाजून घातलंय का कच्चं?"

"भाजून," मी म्हणाले.

"हां," आबा म्हणाले. पातेलं उतरेपर्यंत काही ते उठले नाहीत. मग गायीच्या पाठीवर थाप मारली आणि पुढे जाऊन दूधभाकरी खाल्ली.

ह्यांनी त्या दिवशी किती खेकडे खाल्ले ते मी सांगत नाही. मात्र मी साफ करत असताना ते परसातच होते, बाहेर गेले नाहीत. नुसतं तोंड भिंतीकडे होतं.

पुढे झालं ते मात्र आमच्या कुणाच्या हातात राहिलं नाही. दोन-तीन दिवसांनी पलीकडच्या आळीतली एक बाई आली. पदराखालून मरायला टेकलेली कोंबडी काढली आणि ओट्यावर ठेवली. हात जोडून बसली. आबा आतून बाहेर आले, तर ही अशी. त्यांनी ओरडून सांगितलं, समजावून सांगितलं, ह्यांना बोलावून बर्फाचं सांगायला लावलं. बाई ऐकायला तयार नाही. "असूं द्या आबा, तुमी न्हाईच म्हननार," एवढंच म्हणायची. शेवटी आबांनी हात टेकले आणि कोंबडीला थोडं पाणी पाजलं. बाई ऊन उतरेपर्यंत बसली.

कोंबडी मेली. आबांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आता तरी हे थांबेल म्हणून. बाईनं कोंबडी उचलली, नीट पदरात घेतली आणि अजिबात निराश न होता वहिनीला म्हणाली, "माजंच चुकलं. हितं पान्यातल्या जित्राबालाच गुन येतो वाटतं."

वहिनी तोंडात पदर कोंबून आत पळाली. मला मात्र बाई कोपऱ्यावर वळेपर्यंत गंभीर चेहऱ्यानं उभं राहावं लागलं.