कावळ्यानं न घेतलेली बोली

सुट्टीत नाशिकला आलो की मला कोणीतरी इटालियन बोलायला लावतंच. या वेळी द्वारका चौकात बसमधून उतरल्या उतरल्या रिक्षावाल्यानंच लावलं. मी त्याला आकडे म्हणून दाखवले, लिलावाच्या चालीत. तो आरशातून बघत म्हणाला, हे तर लासलगावच्या मार्केटसारखं वाटतंय राव. वाटणारच. चाल आमच्या आण्णांची आहे, इटलीचे फक्त शब्द.

आण्णा म्हणजे माझे वडील. लासलगावला कांद्याचा लिलाव पुकारायचे. कांद्यानं भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग, मधे व्यापाऱ्यांचा घोळका, आणि त्या सगळ्यावरून आण्णांचा आवाज. माइक कधी घेतला नाही. गेटबाहेरच्या चहावाल्याला जागेवर बसून कळायचं आज कांदा चढलाय का पडलाय. त्यांचा एक कायदा होता, तो मी पाळण्यातच शिकलो असेन. व्यापाऱ्यानं तोंडातून भाव काढला की त्याला तो गिळता येत नाही. आणि शेवटचा भाव पुकारून झाला की आण्णा ट्रॅक्टरच्या मालकाकडं बघायचे. त्यानं मान हलवली तर सौदा. नाही हलवली तर जबरदस्ती नाही, माल भरलेला तसाच परत. काहीही झालं तरी आण्णा हात करायचे, पुढं घ्या, आणि मागचा ट्रॅक्टर पुढं यायचा.

मी शाळेत बाकावर उभा राहून पोरांच्या डब्यांचा लिलाव करायचो. हेडसरांची नक्कल करायचो, एसटीच्या कंडक्टरची करायचो, कावळ्याची तर अशी करायचो की छपरावर खरे कावळे जमायचे आणि वर्गाबाहेर मी उभा असायचो. माझं तसंच आहे. आवाज कानात गेला की तोंडातून निघतो. अर्थ मागून चालत येतो, कधी कधी येतच नाही. इटालियन मला असंच आलं. कॉलेजला नाशिकला होतो, रूमवर मोबाईलवर ऐकून ऐकून उच्चार असा बसला की ऑनलाइन मुलाखतीत समोरच्या बाई खूश, आणि त्यांनी काय विचारलं ते मला निम्मंच कळलेलं. सिएना नावाच्या जुन्या गावात भाषेच्या कॉलेजला जागा मिळाली, स्कॉलरशिपसकट.

त्याच सुमाराला आण्णांच्या गळ्यात गाठ निघाली. तंबाखू होतीच. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि गळ्याला भोक ठेवलं. उपचारासाठी आई आणि आण्णा द्वारकेजवळ एका खोलीत राहायला आले. आईनं त्यांना पाटी आणून दिली, काय हवं ते लिहा म्हणून. त्यांनी लिहिलं ‘चहा’. मग ‘पंखा’. काका, म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ, भेटायला येऊन तासभर बोलत बसले तेव्हा ‘आता जा’. मनातलं सांगायची सवय त्या माणसाला आवाज होता तेव्हाही नव्हती. दिवसभर दुसऱ्यांचे भाव ओरडायचे आणि घरी येऊन गप जेवायचे.

मी जायचं का नाही हे त्यांनी लिहिलं नाही, मी विचारलं नाही. विमानतळाच्या बसला सोडायला मात्र आले, गळ्याला रुमाल बांधून. बस सुटताना मला काय सांगणार? हात केला. तोच, मार्केटमधला. पुढं घ्या.

सिएना म्हणजे सगळी चढउतार. विटांची घरं, गल्ल्या इतक्या अरुंद की पंचवटीत वाढलेली रिक्षा आरामात चालेल, बाकी कोणाचं काम नाही. मधोमध एक मोठं मैदान, तेही सपाट नाही, ताटलीसारखं उतरतं. लोक त्या उतारावर उन्हात लोळतात. गावाचे मोहल्ले आहेत आणि प्रत्येक मोहल्ल्याला स्वतःचं जनावर. कोणाचा हंस, कोणाची गोगलगाय, कोणाचा सुरवंट. भिंतीवर झेंडे, कोपऱ्यावर पाण्याचं टाकं, त्यावर ते जनावर. सुरवंटासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर जातात हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मग आपल्याकडचे बरे.

आमच्या बाई, वर्गाच्या शिक्षिका, रोज एक मोहल्ला फिरून यायला सांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी बोलायला लावायच्या. मी खाटकाची नक्कल घेऊन यायचो, चर्चच्या घंटा वाजवणाऱ्याची घेऊन यायचो. आकडे शिकवले त्या दिवशी मी उठून आण्णांच्या चालीत पुकारले. ब्राझीलची पोरगी बाकावर डोकं ठेवून हसली. बाईंनी परत म्हणायला लावलं. ते रेकॉर्ड करून मी आण्णांना पाठवलं. आई म्हणाली, दोनदा ऐकलं आणि मोबाईल उशीखाली ठेवला. काय म्हणाले, मी विचारलं. आई म्हणाली, अरे, काय म्हणणार?

थंडीत ते गेले.

काकांनी अग्नी दिला. मला निघता येत नव्हतं. तिथं राहायच्या परवान्यासाठी बोटांचे ठसे द्यायची तारीख त्याच आठवड्यात होती, ती चुकली असती तर पुढची कधी ते कोणी सांगत नव्हतं. काका म्हणाले, आता येऊन काय बघणार आहेस. दहाव्याला फोनवर ये. मी रूमवर स्वतःच्या हातानं डोक्यावर मशीन फिरवलं. वर्गात सगळ्यांना वाटलं, फॅशन. ब्राझीलवाली म्हणाली, छान दिसतं.

दहावा रामकुंडावर होता. तिथं दुपार व्हायला आली होती आणि सिएनात नुकतं उजाडत होतं. खोलीत नेटवर्क धड नव्हतं म्हणून मी मैदानाच्या वरच्या कडेला पायऱ्यांवर जाऊन बसलो, कानटोपी घालून. काकांनी मोबाईल एका दगडाला टेकवला होता. मला भाताचा पिंड दिसत होता, त्याच्या मागं कोणाची तरी चप्पल, आणि मधूनमधून गुरुजींचा पाय.

कावळा शिवला की आत्मा सुटला, नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिली, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सगळे लांब जाऊन बसले. कावळे होते, भरपूर होते. पण रामकुंडावरचे कावळे म्हणजे लग्नसराईतले पाहुणे. सकाळपासून पाच ठिकाणी जेवलेले. आमच्याकडं बघेनात.

मग सुरू झालं. काका हात जोडून म्हणाले, दादा, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा नाही. घराचं वरचं बांधकाम पुरं करतो. नाही. मार्केटमधले एक जण म्हणाले, तुमच्या जागी नवीन माणूस घेतलाय, काम चांगलं करतो, काळजी नको. कोणीतरी हळूच तंबाखूची पुडी आणून पिंडाशेजारी ठेवली. मला हसू आलं आणि मी तोंड फिरवलं, कारण स्क्रीनवर मीही दिसत होतो. एकेक जण आण्णांची इच्छा सांगत होता आणि मला एवढंच कळत होतं की ज्याच्या त्याच्या मनात काय आहे. आण्णांचं काय, ते कोणालाच माहीत नव्हतं.

मागं दुसरी माणसं खोळंबलेली. काकांनी मोबाईल उचलला.

“आरं, तू लय कावळ्याचा आवाज काढायचा ना,” ते म्हणाले. “काढ की आता.”

मी काढला. एवढ्या जुन्या, देखण्या गावात, विटांच्या भिंतींमधे, सकाळच्या थंडीत, टकलू पोरगा पायऱ्यांवर बसून कावळ्यासारखा ओरडतोय. आवाज चांगला निघाला. समोरच्या घराची लाकडी खिडकी उघडली आणि एका म्हातारीनं वाकून बघितलं. मी तिला हात केला. तिनं खिडकी लावून घेतली. मैदानावर कबुतरं होती, ती उडाली. तिकडं रामकुंडावर एक कावळा कठड्यावर येऊन बसला.

 काका कुजबुजले, “पोरा, तुझंच राहिलंय. परत येतो म्हण. त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय.”

आमच्या घरात बोललेलं गिळता येत नाही हे काकांना माहीत होतं, मलाही. मी कठड्यावरचा कावळा बघत होतो. स्क्रीनवर तो बोटाएवढा दिसत होता.

“आण्णा, मी परत येतो,” मी म्हणालो. “इटालियन सोडतो. इथून कायमचा येतो.”

कावळ्यानं मान वाकडी केली. मग उडाला आणि शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर जाऊन बसला. तिकडून रडण्याचा आवाज आला, सुटल्यासारखा.

गुरुजींनी आणखी थोडी वाट बघितली. मग दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. असं चालतं. शास्त्रात सोय आहे. काका मोबाईलमधे वाकून म्हणाले, झालं, तू आता तिकिटाचं बघ.

म्हणजे कावळा आला नाही, पण शब्द गेला. मी तसाच वर्गात गेलो आणि तास संपल्यावर बाईंना सांगितलं की मी जातोय. का, ते सांगायला माझ्याकडं शब्द पुरेनात. भात, वडील, पक्षी, वचन. उच्चार इतके चांगले की बाईंना वाटलं मी काहीतरी खोल बोलतोय. त्यांनी शांतपणे ऐकलं. मी विचारलं, इथं कावळ्याचा मोहल्ला नाही का? नाही म्हणाल्या. मग विचार करून म्हणाल्या, घुबडाचा आहे.

दोन-चार दिवस मी गाव बघत फिरलो, निघायच्या आधी बघून घ्यावं तसं. सगळं आवडत होतं आणि त्यामुळं सगळ्याचा राग येत होता. काकांचे रोज मेसेज, तिकीट झालं का. मी बॅग पलंगावर काढून ठेवली. भरत नव्हतो. रात्री ती खाली ठेवायचो, सकाळी परत वर.

मग आईचा फोन आला. आई स्वतःहून फोन करत नाही, तिला मिस्ड कॉल द्यायची सवय. ती द्वारकेच्या खोलीतलं सामान आवरत होती. भांड्यांचे आवाज येत होते.

“तू बॅग भरली का?” तिनं विचारलं.

“भरतोय. बोललोय ना मी, सगळ्यांसमोर.”

“काय बोलला तू? भाव बोलला,” आई म्हणाली. “भाव बोलल्यावर ते कोणाकडं बघायचे?”

मला वाटलं ती रडून बोलतेय, पण तिचा आवाज भाजीवाल्याशी बोलताना असतो तसा होता.

“मालकाकडं,” मी म्हणालो.

“मालकानं मान हलवली का? कावळा शिवला का?”

“नाही.”

“मंग सौदा झाला नाय. व्यापारी मोकळा, माल मालकाचा. चाळीस वर्षं ऐकलंय मी हे घरात. दर्भाचा कावळा गुरुजींनी केला, ह्यांनी नाय केला. तुझ्या काकाला मी सांगते.”

 मला हलकं वाटायला पाहिजे होतं. पण डोक्यात एकच आलं की मी माझ्याकडं होतं ते सगळं बोलीत लावलं आणि आण्णांनी मान हलवली नाही. म्हणजे मी परत यावं हे त्यांना नको होतं, का मी लावलेला भाव कमी पडला, का ते तिथं नव्हतेच आणि कावळ्याचं नुसतं पोट भरलेलं होतं.

“आई, त्यांना काय पाहिजे होतं?”

भांड्यांचे आवाज थांबले.

“मला नाय माहीत,” ती म्हणाली. “मी रोज शेजारी बसायचे. चहा पाहिजे का एवढंच विचारलं.”

मी राहिलो. परवाना हातात आला, परीक्षा दिली, पास झालो. काका मध्यंतरी बोलत नव्हते, आता बोलतात, आईनं त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही. वर्गात बाईंनी पुढं एकदा आकडे म्हणायला लावले तेव्हा मी साध्या आवाजात म्हटले. ब्राझीलवाली म्हणाली, ती तुझी चाल कुठं गेली? मी म्हटलं, घसा बसलाय.

चाल गेली नाही, परवा रिक्षात निघालीच की आपोआप. रिक्षावाल्यानं मला पंचवटीत सोडलं, रामकुंडाच्या अलीकडं. कोणाचा तरी दहावा चालला होता आणि तिथली माणसं पिंडापासून लांब सरकून बसली होती. एक बाई हात जोडून पुटपुटत होती. कठड्यावर कावळे होते. मला नुसतं तोंड उघडायचं होतं, आवाज आजही तसाच निघतो. मी तोंड बंद ठेवून त्या माणसांच्या मागं जाऊन बसलो, कावळा कोणाकडं जातोय ते बघत.