दादांचे नातेवाईक कोण?

माझे वडील, दादा, शुक्रवारी दुपारी दोन वाजता सांगलीच्या दवाखान्यात वारले. आई दाराबाहेर बाकावर बसली होती. मी साताऱ्याला वसतिगृहात होते. त्या दिवशी बारावीचा भूगोलाचा पेपर होता. पेपर देऊन बाहेर आले तेव्हा फाटकापाशी रेक्टरबाई उभ्या होत्या.

हे किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षीचं, भूकंपाच्या आधीचं. त्यानंतर दोन वर्षांनी मी देश सोडला. तासगावच्या स्टँडवर मला पोचवायला आई आणि दादांचे धाकटे भाऊ किसनकाका आले होते. मुंबईच्या गाडीच्या टपावर पेटी चढली, कंडक्टरनं घंटी दिली, आणि काका खिडकीपाशी येऊन म्हणाले, "लय शिक, पोरी. आन परमुलखात तुज्या आईगत गप बसून ऱ्हाऊ नगंस." आई त्यांच्या शेजारीच उभी होती. तिनं पदर सारखा केला आणि गाडीच्या चाकाकडे बघत राहिली. गाव सोडताना लोक रडतात. मला रडू आलं नाही. खिडकीतून काकांना काहीतरी तोडून बोलायचं होतं, ते कराड येईपर्यंत मनातल्या मनात जुळवत राहिले.

हे वाचणाऱ्या आपल्या गावकऱ्यांपैकी जे गावात राहिले त्यांनी काकांचं हे बोलणं अनेकदा ऐकलं आहे. काहींनी मानही डोलावली आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना काय झालं ते माहीत नसेल, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

दादा तासगावजवळ एका बेदाण्याच्या शेडवर मुकादम होते. जाळ्यांवर द्राक्षं पसरायची, उलटायची, वाळली की निवडायची. फेब्रुवारी ते एप्रिल त्यांना श्वास घ्यायला सवड नसे. पोटात दुखतंय हे ते आठवडाभर कोणाला बोलले नव्हते. त्या शुक्रवारी सकाळी शेडवरच वाकून बसले. मालकाच्या जीपमधून आई त्यांना सांगलीला घेऊन गेली. दहा वाजता दाखल केलं. आतडं फुटलं होतं. तातडीनं ऑपरेशन हवं, असं डॉक्टर नर्सला म्हणाले. आईला कोणी काही म्हणालं नाही.

पुढचं आईच्या तोंडून ऐकलेलं. "दवाखान्याचा एक मानूस कागद घिऊन दारात आला. म्हणला, बाबुरावचं नातेवाईक कोण हाय? मी म्हणलं, यायचं हायती. कवा येनार, म्हणला. मी म्हणलं, इट्याची गाडी आली की." किसनकाका विट्याला गेले होते, त्यांना निरोप धाडला होता. तासाभरानं तोच माणूस पुन्हा आला. "आलं का नातेवाईक?" आई म्हणाली, "न्हाई अजून." तो गेला. तिसऱ्यांदा कोणी विचारायला आलं नाही. काका पावणेदोनला पोचले, त्यांनी ऑपरेशनच्या संमतीवर सही केली. तोवर फार उशीर झाला होता.

आमच्याकडे नातेवाईक म्हणजे पै-पाहुणे. बहिणीच्या सासरचे, मामाकडचे, लग्नात ज्यांना टोपी-उपरणं द्यावं लागतं ते. बुद्धविहारात कोणाचं लग्न ठरलं की यादी करायला दादांना बोलवत. "भावकी येगळी लिवा, नातेवाईक येगळे लिवा," असं ते सांगत. या दोन्ही याद्यांत आईचं नाव कधी नसायचं, कारण ती घरची. जिनं पंचवीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली ती त्यांची नातेवाईक कशी असेल? तिला विचारलेल्या प्रश्नाचं तिनं अगदी बरोबर उत्तर दिलं होतं.

काकांना हे कधी समजलं नाही. तेराव्या दिवसाची वाट न बघता, आमच्यात तो पाळतही नाहीत, त्यांनी चौथ्याच दिवशी माणसांत विचारलं, "वयनी, चार तास नुसत्या बसला हुता व्हय?" तेव्हापासून ते वाक्य आमच्या घरात राहायला आलं.

मला अमेरिकेला नेलं शशीमावशीनं. ती आईची धाकटी बहीण, मिरजेला नर्सिंग शिकून कधीच तिकडे गेलेली. तिच्या शहरातल्या विद्यापीठात पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम होता, बॅचलर्स आणि मास्टर्स एकत्र, हेल्थ सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन. मी तो का घेतला हे मावशीनं विचारलं नाही. आईला मी पत्रात लिहिलं की दवाखाना कसा चालवायचा ते शिकते आहे. तिचं उत्तर आलं: "डाक्टर न्हाईस तर दवाखाना कशी चालवनार? पर चालीवशील तर नीट चालीव." अक्षर मोठं, ओळी वर चढत गेलेल्या. दादांनी तिला बेदाण्याच्या खोक्यात घालायच्या रद्दी वर्तमानपत्रांवर लिहायला शिकवलं होतं. ती बातम्या वाचायची, पत्रं लिहायची, ग्रामपंचायतीत पूर्ण नावानं सही करायची. हे मी मुद्दाम सांगते आहे.

दुसऱ्या सेमिस्टरला ॲडमिशनचे फॉर्म अभ्यासायला होते. एका फॉर्मवर प्रश्न होता, पेशंटशी तुमचं नातं काय, आणि पुढे चौकोन. पहिलाच चौकोन पती किंवा पत्नी. वर्गात बाकीच्यांनी पान उलटलं. मी त्याच पानावर राहिले. तिथे कोणी नातेवाईकांना शोधत फिरत नव्हतं. समोर बसलेल्या माणसालाच विचारत होते, तुम्ही यांच्या कोण? तीन शब्द. सांगलीच्या त्या दारात हे तीन शब्द कोणाला सुचले नाहीत.

तिकडचे दवाखाने फार थोर होते अशी समजूत करून घेऊ नका. इंटर्नशिपमध्ये मी एका स्पॅनिश बोलणाऱ्या बाईला इंग्रजी कागदावर सही करताना पाहिलं. कशावर करते आहे हे तिला माहीत नव्हतं. माझ्या सुपरवायझरनं "कन्सेंट घेतला" या रकान्यात खूण केली आणि पुढची फाईल उघडली. मी विचारलं, तर म्हणाली, "सही आहे ना?" एकीकडे सहीसाठी माणूस मरू दिला, दुसरीकडे सही मिळाली म्हणून माणसाकडे बघितलं नाही. याला दोन्हीकडे कामकाज म्हणतात.

हेल्थ लॉच्या तासाला कळलं की जीव धोक्यात असेल आणि संमती देणारं कोणी नसेल तर डॉक्टर सहीसाठी अडून राहत नाहीत. नंतर लायब्ररीत बसून शोधलं. आपल्याकडेही तसंच आहे. त्या दिवशी मी मावशीकडे जेवले नाही.

शेवटी दादांची केस मी एका पेपरमध्ये लिहिली. नावं बदलली. प्राध्यापकांनी चांगली ग्रेड दिली आणि समासात लिहिलं, कुटुंबाची हेल्थ लिटरसी कमी. मी त्यांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, या बाईला लिहिता-वाचता येत होतं. ते सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, ही फक्त एक कॅटेगरी आहे. मला सांगायचं होतं की ज्याच्या हातात पेन होतं तो माणूस निरक्षर होता. इंग्रजीत ते मला नीट जमलं नाही.

चौथ्या वर्षाच्या सुट्टीत मी प्रोजेक्टचं पत्र घेऊन सांगलीच्या त्या दवाखान्यात गेले. रेकॉर्ड सांभाळणारे गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्याडम, सहा वर्षांचा जुना कागद काय लोनचं घालाया पायजे व्हय?" पण माणूस कामाचा निघाला. दोन दिवसांनी त्यांनी कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातून दादांचा केसपेपर काढून माझ्यासमोर ठेवला. वरच्या बाजूला, दाखल करतानाची नोंद: "सोबत पत्नी." खाली, दुसऱ्या अक्षरात: "नातेवाईक हजर नाहीत. संमती नाही."

दोन ओळींमध्ये चार बोटांचं अंतर होतं. पहिली लिहिणारा आणि दुसरी लिहिणारा एकाच टेबलावर बसत असतील. एकानं आईला पाहिलं, कागदावर लिहिलं. दुसऱ्यानं तोच कागद हातात धरून तिला दोनदा विचारलं, आणि नातेवाईक नाहीत असं लिहिलं. मी ते इतक्या वेळा वाचलं की गृहस्थांनी मला पाणी आणून दिलं.

झेरॉक्स घेऊन मी तासगावला आले. काकांना बोलावून घेतलं, आईला समोर बसवलं, आणि दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या. काकांनी कागद स्वतःच्या हातात घेतला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हंजी त्यास्नी ठावं हुतं, वयनी हितंच हायती म्हून?"

"लिहिलंय की, काका."

"मग सही का न्हाई घेतली वयनींची?"

"ते तुम्ही सहा वर्षं आईला विचारत होता. त्यांना विचारायला हवं होतं."

मी आयुष्यात पहिल्यांदा काकांना असं बोलले. त्यांनी कागदाची घडी घातली. मग आईकडे न बघता म्हणाले, "वयनी, मी लय बोललो तुमास्नी."

"ऱ्हाऊ द्या आता. च्या ठिवते," आई म्हणाली आणि उठली.

मला वाटलं, झालं. याचसाठी मी इतक्या लांब गेले होते आणि ते झालं. काका गेल्यावर मी तिला म्हटलं, "आई, आता तरी पटलं? चूक तुझी नव्हती."

ती कपबशा विसळत होती. "कागदाचं ऱ्हाऊ दे, बाय. मी उठाया पायजे हुतं."

"अगं, त्यांनी चुकीचं विचारलं."

"इचारलं तर खरं. माझा मानूस आत हुता, आन मी पावन्यांची वाट बघत बसली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू शिकलीस म्हून तुला दुसऱ्याची चूक दिसती. मला माझी दिसती."

मी नोंदीखाली दुरुस्तीची टीप लावावी असा अर्ज केला. जुन्या नोंदीत बदल करता येत नाही, असं उत्तर आलं. पुढच्या वर्षी पदवी मिळाली, तिथल्याच एका हॉस्पिटलात नोकरी लागली. ॲडमिशनच्या खिडकीवर बसणाऱ्यांना मी शिकवते. दरवर्षी आई फोनवर विचारायची, "चालिवतीस का नीट?" मी हो म्हणायचे. चूक तिची नव्हती, या विषयाकडे तिला मी बरेचदा वळवायचा प्रयत्न केला. ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, तिकडं थंडी पडली का.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. मी पोचले होते. या वेळी कागदावर सही माझी होती.

तासगावच्या घराला आता कुलूप असतं. किल्ली किसनकाकांकडे आहे. ते आठवड्यातून एकदा दार उघडून झाडून घेतात. मला कोणी घर कुठे विचारलं तर मी तासगाव सांगते. तिथे माझ्यासाठी आता एकच गोष्ट शिल्लक आहे. आई चूक आपली समजूनच गेली, आणि मला ते मान्य नाही.