जेवून निघालेले पाहुणे

हॉलंडमध्ये शाकाहारी माणसाने बाहेर जेवायला जाताना घरून थोडं खाऊन निघावं, हा नियम आमच्या घरात मी केला. आम्ही इथे आलो त्या पहिल्याच वर्षी, ऑफिसच्या नाताळच्या जेवणात माझ्यासमोर मोठ्या प्रेमाने मासा ठेवला गेला होता. मी शाकाहारी आहे असं सांगितल्यावर वाढणाऱ्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, म्हणून तर मासा आणलाय. मी पाव आणि काकडी खाल्ली आणि घरी येऊन दहीभात कालवला. त्यानंतरच्या सोळा वर्षांत इथलं पुष्कळ काही बदललं, सुपरमार्केटात टोफूचे ढीग लागले, प्रत्येक मेनूकार्डावर हिरव्या पानाची खूण आली. आमचा नियम मात्र तसाच राहिला. त्यामुळे त्या रविवारी दुपारी मुलीच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जायचं असूनही बायकोने सकाळी थालीपीठं लावली, यात आम्हा दोघांनाही काही वावगं वाटलं नाही.

मुलीचं रेस्टॉरंट म्हणजे ती तिथे स्वयंपाकघरात नोकरीला होती. त्याआधी ती एनस्खेडेच्या विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत होती. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तिने ते सोडलं आणि रॉटरडॅमला जाऊन क्युबेकचं, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या मुलखाचं जेवण देणाऱ्या एका छोट्या जागी रुजू झाली. पुणेरी घरातल्या मुलीने हॉलंडमध्ये राहून क्युबेकचं जेवण रांधावं, यामागचं कारण मला आजही नीट कळलेलं नाही. मी आइंडहोव्हनला संगणकाच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतो. बिघाड नेमका कुठल्या टप्प्यावर शिरला हे शोधणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. मुलीच्या बाबतीतही मी वर्षभर तेच करत बसलो होतो. फोनवर मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि बोलणं हवापाण्याच्या पुढे जात नसे.

ऑगस्टमध्ये तिनेच एक तोडगा काढला. विद्यापीठात पुन्हा नाव घालायची मुदत महिनाअखेर संपणार होती. त्याआधी आम्ही दोघांनी एकदा येऊन जेवावं, सगळं शाकाहारी ती स्वतः करेल, आणि जेवण झाल्यावर बाबाने सांगावं. परत जा म्हणाला तर ती परत जाईल, वाद घालणार नाही. फोन ठेवताना तिने बजावलं, भुकेले या. बायकोला या बोलण्यात मुलगी माघारी येताना दिसली. मला प्रकरण मिटल्यासारखं वाटलं. परीक्षक मी, आणि निकालही माझ्याच हातात, यापेक्षा सोयीचं काय असणार?

थालीपीठ एकेक खायचं ठरलं होतं. भाजणी पुण्याहून नुकतीच आलेली, वर घरचं लोणी. मी तीन खाल्ली, बायकोने दोन. मग शांतपणे स्टेशनवर जाऊन आम्ही गाडीत बसलो. वाटेतलं ब्रेडा स्टेशन येईपर्यंत मी निकालाचं वाक्य तयार केलं होतं. जेवण छान होतं, पण हे छंद म्हणून कर, आधी पदवी घे. वाक्य मला समतोल वाटलं. बायकोला ऐकवलं, तर ती म्हणाली की जरा हळू आवाजात सांगा.

रेस्टॉरंट बंदराच्या बाजूच्या गल्लीत होतं. आठ-दहा टेबलं, भिंतीवर बर्फात चालायचे जाळीचे बूट टांगलेले, आणि मागच्या भिंतीत एक मोठी खिडकी. तिच्यातून स्वयंपाकघर दिसत होतं आणि स्वयंपाकघरातून आम्ही. मुलीने डोक्याला फडकं बांधलं होतं. तिने आत बोलावलं नाही, फक्त हात वर केला. मालकीणबाई साठीच्या, मूळच्या क्युबेकच्या. त्यांनी आम्हाला खिडकीजवळचं टेबल दिलं आणि आमच्यासाठी मेनूकार्ड नाही म्हणून सांगितलं. आज जे येईल ते खायचं.

आधी पिवळ्या वाटाण्यांचं दाट सूप आलं. मूळ पाककृतीत डुकराचं मांस असतं, इथे त्याऐवजी धुरावलेल्या कांद्याचा वास होता. ते संपवलं. मग तळलेले बटाटे, त्यांच्यावर ताज्या चीजचे गोळे आणि तपकिरी रस्सा. याला पुतीन म्हणतात आणि कॅनडात ते खाण्यासाठी लोक रांगा लावतात, असं मालकीणबाई म्हणाल्या. चीज दाताखाली कुरकुरतं. रस्सा मांसाचा असतो, तो मुलीने मशरूमचा केला होता. मालकीणबाईंनी आणखीही एक सांगितलं. अशा चीजमध्ये बहुधा वासराच्या पोटातलं विरजण असतं. ते चालणार नाही म्हणून मुलगी दोन सुट्ट्या घालवून एका शेतकऱ्याकडे गेली आणि वनस्पतीच्या विरजणाचं वेगळं करून घेऊन आली. ही गोष्ट आम्ही तिला कधी सांगितलीही नव्हती. ती लहान असताना दुकानात आई पाकिटं उलटून वाचायची, तेवढं तिने पाहिलं होतं.

पुतीन अर्धंच संपलं. थालीपीठाची भाजणी पोटात फुगते हे कुणी नव्याने सांगायला नको. त्यानंतर ‘पाय’ नावाचा पदार्थ आला, कणकेच्या जाड पोळीत भरलेलं मसूर आणि अक्रोडाचं सारण, त्यात लवंग आणि दालचिनी. वास घेताच बायको म्हणाली, हा मसालेभाताच्या घराण्यातला आहे. खरंच चांगला होता, असं मला दोन घासांपुरतं तरी वाटलं. तिसऱ्या घासाला घाम आला. मी सारण काट्याने ताटभर पसरून कमी दिसेल असं केलं. बायकोने आपल्यातला तुकडा माझ्या ताटात सरकवला, मी तो परत सरकवला. साठीकडे आलेली दोन माणसं, आणि खेळत होतो शाळेच्या डब्यासारखं.

ताटं उचलून आत जात होती आणि खिडकीतून मुलगी ती बघत होती. पहिल्यांदा तिने मालकीणबाईंना काहीतरी विचारलं. दुसऱ्यांदा तिने ताटात उरलेलं सारण स्वतः चाखून पाहिलं, मिठाचा डबा उघडून बघितला. ती चूक शोधत होती. ते बघताना मला पोटातल्या थालीपीठाची लाज वाटली.

शेवटी ती स्वतःच गोड घेऊन बाहेर आली. केकवर मेपलचा गरम पाक ओतलेला. याचं फ्रेंच नाव बेकारांचं पुडिंग, मंदीच्या काळात गरिबांच्या घरी होणारं. एरवी मी यावर दोन टोमणे तरी मारले असते. ती आमच्याजवळ खुर्ची ओढून बसली आणि जेवणात काय कमी पडलं म्हणून विचारू लागली. लवंग जास्त झाली का, रस्सा आळला का, सूप अळणी होतं का. एकेक विचारत होती आणि उत्तरासाठी थांबत होती.

बायको म्हणाली की सगळं उत्तम आहे, बाबाचं पोट सकाळपासून जरा बरं नाही. पण आईचंही ताट अर्धंच परत आलेलं मुलीने पाहिलं होतं. मग मी खरं ते सांगितलं. घरून थोडं खाऊन निघालो होतो.

"थालीपीठ?" तिने विचारलं.

आईने मान हलवली. मी म्हणालो, आपली सवय आहे ती, तुला माहितीये, बाहेर जाताना आपण नेहमी खाऊन निघतो.

एरवी इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी मराठीत बोलली. आवाज चढला नव्हता.

"ती सवय लोकांकडे जाताना, बाबा. इथे मी केलं होतं."

मी गाडीत तयार केलेलं वाक्य काढलं. जेवण छान होतं, पण. एवढंच म्हणालो तोवर तिने हात पुढे करून थांबवलं.

"नको सांगूस. तू जेवलाच नाहीस."

पुढचं ती इंग्रजीत बोलली, कामाच्या माणसाशी बोलावं तसं. ठरलं होतं की जेवून सांगायचं. जेवण झालेलं नाही, तेव्हा विचारलेलंही मागे घेतलं. मग तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला, पुडिंग गरम आहे तोवर एक चमचा घे म्हणाली, आणि आत गेली. आत कुणीतरी ऑर्डर ओरडून सांगितली, तिने ओरडूनच उत्तर दिलं. तिचा इतका मोठा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. मी पुडिंग पूर्ण खाल्लं. पोटाला तडस लागली तरी खाल्लं, पण तेव्हा ती खिडकीत नव्हती.

महिना संपला, मुदत गेली. तिची नोकरी कायम झाल्याचं आणि तिने नवं घर घेतल्याचं मला बायकोकडून कळलं. मुलगी फोन करते, तब्येत विचारते, दिवाळीला येते आणि माझ्याशी हसून बोलते. आमच्यात आता भांडण नाही. काय करू, असं मात्र तिने मला पुन्हा कधी विचारलेलं नाही.