बिराप्पाची सुरगाठ

बिराप्पाच्या हातांना मेंढरांनी एकच विद्या शिकवली, पण ती पक्की शिकवली. जनावर बांधायचं ते सुरगाठीनं. मोकळ्या टोकाला हिसका दिला की सगळी गाठ सुटून हातात आली पाहिजे. लांडगा आला किंवा मेंढरू दोरीत गुरफटलं, तर गाठ उकलत बसायला वेळ कुणाला असतो? लहानपणी त्यानं एकदा निरगाठ मारली. तीत गाभण मेंढी फास बसून मेली आणि बापानं त्याला असा चोपला की दोन दिवस बसता येईना. तेव्हापासून त्याच्या बोटांनी निरगाठीचं नाव टाकलं.

पुढं जत तालुक्यातल्या त्याच्या माळावर चाऱ्याचे वांधे झाले, कळप विकला आणि बिराप्पा शिरवळला आला. तिथं एका कारखान्याचं पाच मजली ऑफिस होतं, सगळं काचेचं. आतल्यांना बाहेरचं स्वच्छ दिसावं म्हणून कुणीतरी बाहेर लटकायचं, असला हा उफराटा धंदा. गच्चीवरच्या खांबाला दोर बांधायचा, त्याला पाट टांगायचा आणि पाटावर बसून काच पुसत खाली सरकायचं. सहा वर्षं त्यानं हेच केलं. धाकट्या बहिणीचा, राणीचा नवरा धनाजी, त्यालाही वर्षापूर्वी त्यानंच कामावर आणलं.

नियमानं माणसामागं दोर दोन लागतात. एक बसायचा, दुसरा जिवाचा. कमरेचा पट्टा त्या दुसऱ्याला अडकवला की पहिला सुटला तरी माणूस वाचतो. ठेकेदाराकडं जिवाचा दोर नव्हता असं नाही. नवाकोरा होता, पिवळाधमक. तपासणीच्या दिवशी तो बाहेर निघायचा, फोटोत यायचा आणि परत कुलपात जायचा. वापरला तर झिजतो म्हणे. माणसं झिजलेली चालतात. एरवी पट्टाही बसायच्याच दोराला अडकवत, म्हणजे वरची गाठ हाच काय तो आधार. ती रोज मुकादम विश्वजीत स्वतः मारायचा, आठाच्या आकड्यासारखी. सगळ्यांना त्यानं ती शिकवलीही होती.

त्या मंगळवारी कारखान्यात बडे पाहुणे येणार होते आणि विश्वजीत फाटकापाशी अडकला होता. फोनवरच म्हणाला, "तूच बांध रं दोर, उशीर नगं." बिराप्पानं दोर खांबाला घेतला. शेजारी धनाजी पट्टा आवळत होता. सकाळीच राणीचा फोन आला होता आणि दोघांची चांगलीच जुंपली होती, असं तो सांगत होता. बिराप्पा हसत ऐकत होता. बोलण्याच्या नादात हातांनी आपल्याला ठाऊक असलेली गाठ मारली.

"एकदा बघून घ्या, दाजी," तो म्हणाला.

"तुमी बांधलीया, मग बघायचं काय, पाव्हणं?" असं म्हणून धनाजी कठड्यावरून उतरला.

गाठीनं वजन धरलं. धनाजी चौथ्या मजल्यापाशी पोचला तशी बिराप्पानं पाण्याची बादली खाली सोडली. गाठीचं मोकळं टोक बादलीच्या कडीत अडकलंय, हे त्यानं पाहिलंच नाही. बादली खाली गेली, टोकाला हिसका बसला आणि गाठ सुटली. दवाखान्यात पोचायच्या आधीच धनाजी गेला.

चौकशीचे साहेब यायच्या आत विश्वजीतनं बिराप्पाला बाजूला घेतलं. "हे बघ गड्या, दोर दाजीनं सवताच बांधला म्हणून सांग. गेलेल्या माणसाला काय शिक्षा हाय? तू खरं बोललास तर आत जाशील, मग तुझ्या बहिणीकडं कोण बघंल?" बिराप्पानं तशा जबानीवर सही केली. पिवळ्या दोराचं कुणी विचारलं नाही, त्यानंही काढलं नाही. 'मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा' असं कागदावर आलं आणि प्रकरण मिटलं. गरिबाच्या मरणाला एवढी एक ओळ पुरते.

धनाजीचे दिवस झाले. राणी रडायची थांबली, पण जेवेना. भावंडांच्या आईनं, हरणाबाईनं पुढं केलेलं ताट ती तसंच सरकवायची. एका सकाळी घरामागच्या परड्यात तिनं बिराप्पाला गाठलं.

"दादा, कागदात लिवलंय ते खरं हाय? गाठ ह्यांनीच चुकीची मारली?"

बिराप्पानं परड्यातली दोरी उचलून गुंडाळायला घेतली.

"मग मीच मारलं त्यास्नी. त्या सकाळी नगं नगं ते बोलले मी. तेच डोसक्यात घिऊन वर चढलं आसतील. एरवी ते आसं चुकायचे न्हाईत."

मेलेल्याच्या माथी मारलेलं पाप जितीच्या माथ्यावर येऊन बसलं होतं आणि बिराप्पाला त्याची कल्पनाही नव्हती. आता आपण आत गेलो तरी बेहत्तर, असं त्याला वाटलं.

"राणे, गाठ म्या मारली. दाजीनं न्हाई. मेंढराची गाठ मारली म्या, आन सहीबी खोटी केली." बादली, कडी, विश्वजीत, सगळं त्यानं सांगून टाकलं. सांगताना तो पोरासारखा रडला.

राणीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"बारीकपणी माझ्या हातनं दूध सांडलं की तू म्या सांडलं म्हणायचास, आन मार खायचास. आताबी तसंच करतोयास व्हय? नगं, दादा. माझ्यापायी खोटं बोलू नगंस."

त्यानं बिरोबाची आण घेतली. तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि देवाची खोटी आण घेऊ नको म्हणाली. तो सांगत राहिला, ती मान हलवत राहिली. दुसऱ्या दिवशीही तिनं तोंडात घास घेतला नाही.